कान्तुच्ची : प्रातोचे बदामी बिस्किट

कान्तुच्ची हे मध्य इटलीतील टस्कनी प्रांताचे बदामी बिस्किट. लांबी बोटाएवढी, काप तिरका, कडा तपकिरी आणि कापलेल्या अंगावर सालासकट घातलेल्या अख्ख्या बदामांचे छेद उमटलेले. ते दाताला सहजासहजी दाद देत नाही, त्यामुळे पहिल्यांदा खाणाऱ्याला ते शिळे असल्याचा संशय येतो. टस्कनीतले लोक ते नुसते फारसे खातही नाहीत. जेवण आटोपल्यावर विन सान्तो नावाच्या गोड वाइनचा लहानसा पेला समोर ठेवायचा, बिस्किटाचे टोक त्यात बुडवायचे आणि ते ओले झाले की चावायचे, अशी तिकडची रीत. कान्तुच्चीचा कडकपणा हा त्याचा दोष मानता येत नाही. तो मुद्दाम आणलेला आहे, आणि या बिस्किटाचे घटक, आकार, कृती व खाण्याची पद्धत या सगळ्यांचा उलगडा त्यातूनच होतो. पिठात पाणी कमी ठेवायचे, उरलेले भट्टीत घालवायचे आणि खाताना हवे तेवढे बाहेरून परत द्यायचे, एवढाच हा सारा खटाटोप आहे.

भाजलेला पाव पुन्हा भाजून टिकाऊ करण्याची युक्ती भूमध्य समुद्राच्या काठी फार जुनी आहे. रोमन सैन्याच्या शिधासामग्रीत असा वाळका पाव असे. पहिल्या शतकातल्या प्लिनीने जहाजावरच्या दोनदा भाजलेल्या पावाचा उल्लेख केला आहे, तोही पोट बांधणाऱ्या औषधांच्या यादीत. पुढे व्हेनिसच्या आरमाराला पुरवठा करण्यासाठी तिथल्या गोदीजवळ सरकारी भट्ट्याच उभ्या राहिल्या. वल्ही मारणारे खलाशी महिनोन्‌महिने याच पावावर जगत. त्यात साखर नव्हती, बदाम नव्हते आणि चवीचा विचार तर नव्हताच. पाण्यात किंवा पातळ कालवणात भिजवून पोटात ढकलण्याची ती वस्तू होती. आपल्याकडच्या बेकरीतला टोस्ट ज्याने चहात बुडवून खाल्ला आहे, त्याला या पावाचे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. लादी भाजा, काप करा, काप परत भट्टीत सारा. ओलावा गेला की बुरशीला वाढायला जागा उरत नाही.

खलाशाच्या या रुक्ष पावाचे श्रीमंतांच्या ताटातले पक्वान्न व्हायला साखर आणि बदाम या दोन गोष्टी यायला हव्या होत्या. बदामाचे झाड इटलीच्या दक्षिणेत प्राचीन काळापासून आहे. उसाची लागवड अरबांनी नवव्या-दहाव्या शतकांत सिसिलीत आणली. मध्ययुगीन इटलीत साखर वाण्याकडे मिळत नसे, ती औषधे आणि मसाले विकणाऱ्या गंध्याकडे मिळे आणि तिचा भावही औषधाचाच असे. म्हणून सिएनासारख्या शहरांत बदाम-साखरेचे सुरुवातीचे गोड पदार्थ या गंध्यांच्या दुकानांत आणि मठांच्या स्वयंपाकघरांत घडले. टस्कनी हा काही बदामाचा मुलूख नव्हे. तिथे गहू, द्राक्षे आणि ऑलिव्ह पिकतात; बदाम बहुतेक बाहेरून येत. तेव्हा टस्कनीचे हे सर्वात प्रसिद्ध बिस्किट शेताइतकेच व्यापाराच्या वहीतूनही आलेले आहे.

फ्लॉरेन्सच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर असलेल्या प्रातो शहरात ही वही अक्षरशः जपून ठेवलेली आहे. चौदाव्या शतकात फ्रान्चेस्को दी मार्को दातीनी या व्यापाऱ्याने इथून आणि फ्लॉरेन्सहून आपल्या पेढ्या चालवल्या. आव्हिन्यों, पिसा, जेनोआ, बार्सेलोना, व्हॅलेन्सिया आणि मायोर्का इथे त्याची माणसे होती. लोकर, कापड, शस्त्रे, मसाले, सुकामेवा असे कशाचेही त्याला वावडे नव्हते. 1410 साली तो वारला तेव्हा त्याने आपली संपत्ती गरिबांसाठीच्या संस्थेला दिली. त्याचा पत्रव्यवहार, सुमारे दीड लाख पत्रे, प्रातोतच राहिला. मध्ययुगीन व्यापाराचा इतका मोठा दफ्तरखाना युरोपात क्वचितच सापडतो. दातीनीने कान्तुच्ची खाल्ली असे म्हणायला काहीच आधार नाही. पण हे बिस्किट बनवायला लागणारा माल ज्या वाटांनी टस्कनीत येई, त्या वाटा या पत्रांत स्पष्ट दिसतात.

कागदोपत्री पुरावा यायला पुढची तीनशे वर्षे जावी लागली. फ्लॉरेन्सच्या आकादेमिया देल्ला क्रुस्का या भाषासंस्थेच्या कोशाच्या 1691 सालच्या आवृत्तीत कान्तुच्चो हा शब्द आहे. बारीक मैदा, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांच्या बिस्किटाचा काप, असा त्याचा अर्थ दिला आहे. बदामाचे नाव नाही. बदामी बिस्किटाची जुनी लेखी कृती प्रातोच्या दफ्तरखान्यातल्या अठराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात मिळते. ते आमादियो बाल्दान्त्सी या प्रातोच्याच विद्वानाच्या नावावर आहे आणि तिथे हे बिस्किट जेनोआच्या पद्धतीचे म्हटले आहे. ज्या पदार्थावर एखादे शहर आपला शिक्का मारते, त्याच्या सर्वात जुन्या कागदावर दुसऱ्याच शहराचे नाव निघावे, हे खाद्येतिहासात वारंवार घडते. कोलंबसाने आपल्या जहाजावर कान्तुच्ची नेली होती, असेही छापील वेष्टनांवर वाचायला मिळते. त्याने नेले असेल ते जहाजाचे वाळके बिस्किट. बदामी काप दर्यावर्दी खलाशांना वाटण्याइतकी साखर त्या काळी स्वस्त नव्हती.

या बिस्किटाला आजचे रूप आणि कीर्ती मिळाली ती एका दुकानामुळे. 1858 साली आन्तोनियो मात्तेई याने प्रातोच्या रिकासोली रस्त्यावर आपली बेकरी उघडली. त्या वेळी टस्कनी हे स्वतंत्र ग्रँड डचीचे राज्य होते. पुढच्याच वर्षी शेवटचा ग्रँड ड्यूक देश सोडून गेला आणि 1861 मध्ये टस्कनी नव्या इटलीच्या राज्यात सामील झालेली होती. 1865 ते 1871 या काळात तर शेजारचे फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होते. राजधानीला लागून असलेल्या, कापडगिरण्यांनी भरभराटलेल्या गावातल्या बेकरीला गिऱ्हाइकांची वाण पडली नाही. 1867 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मात्तेईच्या बिस्किटांचा खास उल्लेख झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुकान पान्दोल्फीनी घराण्याकडे गेले आणि ते आजही त्याच जागी चालते. निळ्या कागदाच्या पुड्यात दोरीने बांधून मिळणारी बिस्किटे ही त्याची खूण.

मात्तेईचे नाव इटलीभर पोचवण्यात पेल्लेग्रीनो आर्तूझी याचाही वाटा आहे. हा मूळचा फोर्लीम्पोपोलीचा, फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झालेला रेशमाचा व्यापारी. 1891 साली त्याने पदरच्या पैशाने छापलेले पाकशास्त्राचे पुस्तक पुढे इटलीतल्या घराघरात शिरले. पहिल्या आवृत्तीतल्या 475 कृतींच्या शेवटी 790 झाल्या. मात्तेई हा त्याचा स्नेही. बदाम आणि पाइनच्या बिया पसरलेला ‘तोर्ता मान्तोवाना’ हा केक आर्तूझीच्या पुस्तकात आहे, तो मात्तेईकडून मिळालेल्या कृतीवरून. त्या केकमुळे प्रातोचा हा बेकरीवाला इटालियन गृहिणींना परिचयाचा झाला.

नावाचा एक घोळ इथेच निस्तरलेला बरा. मात्तेईच्या दुकानाच्या पाटीवर ‘कान्तुच्ची बनवणारा’ असे लिहिलेले आहे, पण ते दुकान आपल्या बदामी कापांना ‘बिस्कोत्ती दी प्रातो’ म्हणते. प्रातोत कान्तुच्ची हे नाव पूर्वी वेगळ्या, बडीशेपेच्या चवीच्या पावासारख्या पिठाच्या कापांना होते. टस्कनीच्या इतर भागांत आणि परदेशांत ते नाव बदामी बिस्किटाला चिकटले आणि मूळची वस्तू मागे पडली. अमेरिकेत आणि आता भारतातही केवळ ‘बिस्कोत्ती’ म्हटले की हेच समजले जाते. इटलीत मात्र तो शब्द कुठल्याही बिस्किटाला चालतो.

कृती दिसायला सोपी आहे. अर्धा किलो मैद्याला साधारण तीनशे ते चारशे ग्रॅम साखर, दोनशे ते अडीचशे ग्रॅम बदाम, चार अंडी आणि एक-दोन जास्तीचे पिवळे बलक. मात्तेईच्या पद्धतीत याशिवाय पाइनच्या बिया असतात. आपल्या चिलगोज्याच्याच कुळातल्या, पण इटलीच्या किनाऱ्यावरील छत्रीसारख्या पाइनवृक्षाच्या. लोणी, तेल, दूध, सोडा यांतले काहीही नाही. पाणीही घालत नाहीत. अंड्यांतला ओलावा तेवढा पुरतो. पीठ इतके घट्ट आणि चिकट होते की ते मळण्यापेक्षा गोळा करावे लागते. बदाम शेवटी घालतात, तेही फार न हाताळता. मग दोन-तीन बोटे रुंदीच्या लांबट चपट्या वळ्या थापून त्यांवर अंड्याचा हात फिरवतात आणि 180 अंश सेल्सिअसच्या आसपास वीस-पंचवीस मिनिटे भाजतात. वळ्या बाहेर काढल्या की त्या गरम असतानाच सुरीने बोटभर जाडीचे तिरके काप पाडतात. ते काप कापलेली बाजू वर करून थोड्या कमी आचेवर आणखी दहा-पंधरा मिनिटे ठेवतात. टस्कनीत सगळेच दुसरी भाजणी देत नाहीत. काहींच्या मते वळी पुरेशी भाजली असेल तर काप नुसते गार होऊ द्यावेत. त्यांची बिस्किटे किंचित कमी कडक होतात आणि म्हाताऱ्या माणसांना तीच परवडतात.

या कृतीतला एकही टप्पा शोभेसाठी नाही. स्निग्धांश घातला की मैद्याच्या कणांभोवती त्याचे कवच बसते, ग्लुटेनचे धागे आखूड राहतात आणि बिस्किट खुसखुशीत होते. कान्तुच्चीत तो नसल्याने अंड्यातली प्रथिने आणि ग्लुटेन मिळून एक सलग चौकट तयार होते. साखरेचा काही भाग भट्टीत विरघळतो आणि थंड झाल्यावर काचेसारखा घट्ट होऊन त्या चौकटीला आधार देतो. म्हणून हे बिस्किट चुरा न होता कडकन तुटते. वाइनमध्ये बुडवल्यावरही तीच चौकट त्याला धरून ठेवते. बाहेरचा भाग मऊ होतो, पण तुकडा पेल्याच्या तळाशी जात नाही. बदाम सालासकट घालण्याचेही कारण आहे. बदामात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि सालीतले तुरट घटक ते तेल खवट होण्याचा वेग कमी करतात. शिवाय साल काढलेला बदाम पिठाच्या रंगात हरवून जातो, तर सालीची तपकिरी रेघ कापावर उठून दिसते. गरम असताना कापण्याचा आग्रह बदामांमुळेच आहे. ऊन बदाम सुरीखाली सरळ चिरला जातो. वळी थंड झाली की तोच बदाम सुरी अडवतो आणि काप तुकड्यातुकड्यांनी फुटतो. काप तिरका असल्यामुळे त्याचा पृष्ठभाग वाढतो, ओलावा लवकर जातो आणि बुडवायला लांब टोकही मिळते. अशी बिस्किटे हवाबंद डब्यात कित्येक आठवडे टिकतात, आणि पहिल्यांदा दगा देतात ते बदाम. पीठ तोवर ठणठणीत असते.

कारखान्यांनी या कृतीत बदल केले. लोणी, मध, बेकरीतला अमोनिया आणि कधी बदामाचे कृत्रिम सत्त्व यांनी बिस्किट हलके, सुगंधी आणि दाताला सोयीचे होते. 2010 नंतरच्या दशकात ‘कान्तुच्ची तोस्कानी’ला युरोपीय संघाचे संरक्षित भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या नियमांत टस्कनीतले उत्पादन, सालासकट अख्खे गोड बदाम आणि काप करण्याची पद्धत यांबरोबर लोणी आणि मधही बसतात. म्हणजे मानांकनाने राखली ती प्रांतभर रुळलेली आजची रीत. प्रातोतली लोण्याशिवायची जुनी कृती ही त्या नियमांबाहेरची, स्वतःच्या बळावर उभी असलेली वस्तू आहे. मानांकनामुळे नक्कल थांबते हे खरे, पण कृती जुनी असल्याची ग्वाही त्यातून मिळत नाही, हे गिऱ्हाइकाने ध्यानात घ्यावे.

बिस्किटाचा जोडीदार विन सान्तो हा त्याच्याइतकाच कोरडेपणाचा उपासक. त्रेब्बियानो आणि माल्वासिया जातीची पांढरी द्राक्षे सुगीत तोडून लगेच चिरडत नाहीत. बांबूच्या वा वेताच्या जाळ्यांवर पसरून किंवा आढ्याला टांगून ती हिवाळ्यापर्यंत सुकवतात. पाणी उडाल्याने साखर दाट होते. मग रस काढून तो लाकडी, पन्नासेक लिटरच्या लहान पिंपांत भरतात आणि पिंपे सीलबंद करून माळ्यावर ठेवतात. उन्हाळ्यात माळा तापतो तेव्हा आंबणे जोर धरते आणि थंडीत थांबते. असे किमान तीन वर्षे चालते. पिंपात जुन्या वाइनचा गाळ मुद्दाम राखतात. त्याला ‘माद्रे’, म्हणजे आई म्हणतात. हाती येते ती अंबराच्या रंगाची, सुकामेव्याच्या वासाची, सोळा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली वाइन. गावाकडे ती घरोघरी बनत असे आणि पाहुण्याला दिली जाई. चांगल्या विन सान्तोत बिस्किट बुडवणे हा गुन्हा आहे असे तिचे उत्पादक म्हणतात. इतक्या वर्षांच्या खटपटीने तयार झालेल्या वाइनमध्ये बिस्किटाचा चुरा तरंगावा हे कोणाला रुचेल? उपाहारगृहे मात्र जेवणानंतर दोन्ही एकत्रच आणून ठेवतात आणि बहुतेक जण बुडवतातच.

इटलीत सुकामेव्याची बिस्किटे अनेक आहेत, आणि कुठले बिस्किट कुठे बनते ते बऱ्याच ठिकाणी तिथल्या झाडांनी ठरवले आहे. रोमच्या उत्तरेकडे वितेर्बोच्या परिसरात हेझलनटच्या बागा आहेत, म्हणून कान्तुच्चीचे तिथले भावंड, तोत्सेत्ती, बऱ्याचदा हेझलनटचे असते. पिएमोन्तेच्या डोंगरउतारांवर उत्तम हेझलनट पिकते. तिथल्या तोर्तोना गावचे ‘बाची दी दामा’ म्हणजे दोन लहान घुमट चॉकलेटने जोडलेले, तोंडात विरघळणारे बिस्किट. सिएनाचे रिच्चारेल्ली हे कान्तुच्चीच्या अगदी उलट टोकाचे. बदामाचे पीठ, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांचे हे पतंगाच्या आकाराचे, आतून ओले राहणारे बिस्किट नाताळात खातात. 2010 साली त्याला युरोपीय मानांकन मिळाले. प्रातोतच कान्तुच्चीशेजारी ‘ब्रुत्ती बुओनी’ विकली जातात. नावाप्रमाणे कुरूप पण चविष्ट अशी ही वेडीवाकडी बदामी बिस्किटे पांढऱ्या बलकाची असतात. एका बिस्किटाला जास्तीचे पिवळे लागतात आणि दुसऱ्याला पांढरे, तेव्हा बेकरीत काही वाया जात नाही.

यांत सर्वांत निराळे ते अमारेत्ती. लोम्बार्डीतल्या सारोन्नोचे कडक आणि लिगुरियातल्या सास्सेल्लोचे मऊ, असे त्यांचे दोन मुख्य प्रकार. त्यांची कडसर चव कडू बदामाची किंवा जर्दाळूच्या बियांतल्या गराची असते. या दोन्हींत अमिग्डालिन नावाचे द्रव्य असते. ते ओले झाल्यावर फुटते आणि त्यातून बदामाचा म्हणून ओळखला जाणारा वास आणि त्याबरोबर हायड्रोजन सायनाइड हे विष तयार होते. म्हणून कडू गर अगदी थोडा वापरतात आणि भट्टीच्या आचेत विषाचा बराच भाग उडून जातो. कच्चे कडू बदाम मूठभर खाणे जिवावर बेतू शकते, तेव्हा घरी प्रयोग करणाऱ्यांनी या बाबतीत अंदाजपंचे वागू नये. सारोन्नोची बिस्किटे पातळ कागदात जोडीजोडीने गुंडाळलेली येतात. जेवण झाल्यावर त्या कागदाची नळी उभी करून वरून पेटवली, की जळता जळता ती छताकडे उडते. इटलीतल्या कित्येक कुटुंबांत मुलांना बिस्किटापेक्षा या खेळाचेच आकर्षण असते.

इटलीबाहेरही कान्तुच्चीचे नातलग आहेत. कॅटलोनियातले कारकिन्योली जवळजवळ तसेच, आणि पूर्व युरोपातल्या ज्यू घरांतले मांडेलब्रोट हेही वळी भाजून काप काढण्याच्याच पद्धतीचे. फक्त दुधाच्या आणि मांसाच्या जेवणाचा धार्मिक विधिनिषेध सांभाळण्यासाठी त्यात लोण्याऐवजी तेल असते. कोणी कोणाकडून घेतले हे ठरवण्याच्या भानगडीत न पडलेले बरे. दुहेरी भाजणी सगळ्यांच्या परिचयाची होती आणि बदामही एकाच समुद्राच्या काठाने फिरत होता. अमेरिकेत इटालियन स्थलांतरितांच्या बेकऱ्यांतून हे बिस्किट विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कॉफीच्या साखळी दुकानांत गेले. तिथे ते वीतभर झाले, त्यावर चॉकलेट चढले, त्यात क्रॅनबेरी आणि पिस्ते आले आणि वाइनची जागा कॉफीने घेतली. गरम कॉफीत ते थंड वाइनपेक्षा फार लवकर भिजते. तिथल्या कृतींत ते जाड आणि मोठे ठेवतात, त्यामागे हेही एक कारण असावे.

मुंबई-पुण्याच्या कॅफेंतून बरणीत उभी ठेवलेली बिस्कोत्ती मिळते ती या अमेरिकी शाखेची. इथे तिच्यापुढे एक वेगळीच अडचण येते. शाकाहारी गिऱ्हाइकासाठी ती बिनअंड्याची करावी लागते, आणि प्रातोच्या कृतीत तर ओलावा, बांधणी आणि रंग हे सगळे अंड्यावरच अवलंबून आहे. अंडे काढले की त्याच्या जागी दूध किंवा दही आणि लोणी येते. मग पीठ जुळून येते, काप पडतात, भाजल्यावर वास आणि रंगही बरा येतो. पण प्रथिनांची चौकट दुबळी राहते आणि स्निग्धांश वाढलेला असतो. असे बिस्किट नुसते खायला सोपे आणि खमंग लागते. कॉफीत मात्र ते क्षणभरच बुडवावे, कारण जरा वेळ धरले तर अर्धे कपात उरते.